येळवशीला मोजलेल्या दहा भेगा

चाकूर हे गाव मी तीन वर्षं दर पंधरवड्याला पाहत होते, पण तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. पाहत होते म्हणजे शेकडो मैल उंचावरून. हैदराबादच्या आमच्या कचेरीत उपग्रहाने टिपलेली चित्रं यायची. त्यांत गावबीव काही दिसत नसे, चौकोनी ठिपक्यांची नुसती गोधडी असे. कुठे पिकाची पानं तरारली आहेत आणि कुठे ती सुकून चालली आहेत, एवढं त्या ठिपक्यांवरून कळायचं. तरारलेलं ते आम्ही हिरवं छापायचो, सुकलेलं ते तपकिरी. त्यावरून दर पंधरा दिवसांनी एक पत्रक निघायचं: अमुक भागात पीक हातचं जाईल, तिथे धान्याची आणि चाऱ्याची सोय आत्तापासून करा. लोकांच्या घरातली ज्वारी संपायच्या आत सरकारच्या कानावर घालायचं, असं ते काम. मला ते भयंकर आवडायचं. कचेरीत सगळ्यांच्या आधी मी यायचे ते ताजं चित्र पाहायला.

त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने दगा दिला होता. नांदेडपासून औशापर्यंत सगळी गोधडी तपकिरी. फक्त मधोमध, चाकूरच्या आजूबाजूला, अंगठ्याएवढा एक हिरवा डाग. त्या डागावर 'साधारण' असा शेरा मी मारला. मारला आणि चहा प्यायला गेले. मी मूळची चिपळूणकडची. आमच्याकडे बाहेर हिरवं दिसलं की घरात भात आहे असं समजायचं, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

आमच्या साहेबांना मात्र तो डाग खटकला. ते म्हणाले, "चहूकडे वाळलंय आणि मध्येच हे हिरवं कसं? तुम्ही जाऊन बघून या. दहा शेतं तपासा. नवं पत्रक शुक्रवारी सकाळी दहाला टपालात पडतं. काही बदल असेल तर गुरुवारी रात्रीच्या आत कळवा."

मी जागच्या जागी उडीच मारली असती, पण साहेबांसमोर बरं दिसलं नसतं. तीन वर्षं वरून पाहिलेलं खालून पाहायला मिळणार होतं!

नांदेड

नांदेडला स्टेशनाबाहेर जीप घेऊन गफूरभाई उभे होते. पन्नाशीचे, पांढरी टोपी, हसताना एक डोळा मिटायची सवय. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नांदेडातलं, वडील निजामाच्या काळात मोटार चालवायचे. माझी बॅग उचलता उचलता त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"म्याडम, तुमच्या फोटूत वरून माझं घर दिसतं का? छतावर बायकोनं मिरच्या वाळू घातल्यात, लाल लाल."

"नाही हो. तुमचं अख्खं नांदेड चार-दोन ठिपक्यांत बसतं."

"मग काय कामाचा फोटू!" असं म्हणून त्यांनी गिअर टाकला.

दुपारी त्यांनी मला घरी जेवायलाच नेलं. त्यांच्या बेगमने तहरी केली होती, म्हणजे मसालेभात आणि खिचडी यांच्या मधलं काहीतरी, आणि सोबत अंबाडीची चटणी. आमच्याकडे आंबटाला कोकम, इथे अंबाडी. पहिल्या घासाला डोळे मिटले, तिसऱ्या घासाला मी आणखी मागितली. छतावरच्या मिरच्याही पाहून आले. खरोखर लाल होत्या.

हात धुताना मी दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे गुरुवारचा, बेत सांगितला. सकाळी नऊला शेतकी अधिकाऱ्यांना भेटायचं, अकराला तलाठी, मग शेतं. गफूरभाईंनी एक डोळा मिटला.

"उद्या? उद्या येळवस हाय म्याडम. कचेरीत कुत्रंसुदिक भेटणार न्हाई."

मला काही कळेना. मग बेगमने समजावलं. मार्गशीर्षातली अमावास्या, वेळा अमावास्या, तिला इथले लोक येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारपाजारी घरात कोणी थांबत नाही. दुकानाला कुलूप, कचेरीला कुलूप, सगळे शेतात. तिथे कडब्याची कोप उभारायची, म्हणजे ज्वारीच्या वाळक्या ताटांची छोटीशी खोपटी, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि दिवसभर जेवायचं, जेवू घालायचं.

माझा चेहरा पडला. शुक्रवार तोंडावर आला होता आणि माझ्या वाट्याला नेमका सुट्टीचा दिवस यावा! गफूरभाईंना मात्र हसू आवरेना.

"अहो, तुम्हाला अधिकारी बघायचाय का शेत बघायचंय? उद्या एकेक शेताचा मालक शेतातच गावतो. फिकर कशाला करता?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वर्षातला असा एकच दिवस, की दहा शेतांचे दहा मालक जागेवर हजर, आणि तोच माझ्या पदरात पडला होता. त्या रात्री मला आनंदाने धड झोप लागली नाही.

चाकूरच्या अलीकडे

लोहा, अहमदपूर मागे टाकून आम्ही चाकूरच्या दिशेला लागलो तेव्हा ऊन कोवळं होतं. वाटेतली गावं अशी रिकामी, की जणू सगळ्यांना कोणी बोलावून नेलंय. रस्त्यावर मात्र रांगा. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, टोपलीत आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, तिच्यावर नवीन खण. पुरुषांच्या खांद्यावर घोंगडी, पोरांच्या हातात काहीबाही. बैलगाड्या, सायकली, एका स्कूटरवर पाच जण.

आणि दोन्ही बाजूंची जमीन भकास. तुरीची रोपं गुडघ्याएवढी होऊन तिथेच वाळलेली. विहिरींच्या कठड्यावर बसून लोक आत वाकून पाहत होते. मी मांडीवर नकाशा घेतला होता आणि बोटाने पुढे सरकत होते. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. मग रस्त्याने एक वळण घेतलं आणि मी ओरडलेच.

"थांबवा! थांबवा गफूरभाई!"

समोर हिरवंगार. डोक्यापर्यंत वाढलेली ज्वारी, वाऱ्यावर एका बाजूला झुकत होती आणि परत उभी राहत होती. माझा डाग! माझा हिरवा डाग नकाशावर जिथे होता नेमका तिथेच, खराखुरा, पानांची सळसळ करत उभा होता. जीपमधून उडी मारून मी बांधावर धावले. इतक्या उंचावरून तो डोळा एवढं अचूक पाहतो, याचा मला किती अभिमान वाटला ते सांगता येत नाही. मीच त्या उपग्रहाची आई असल्यासारखी तिथे उभी राहिले.

"आला म्हणायचं का आपला शेरा खरा?" मी गफूरभाईंना विचारलं.

तेवढ्यात आम्हाला पकडलंच. शेतातून दोन माणसं धावत आली आणि जीपपुढे हात आडवे करून उभी राहिली. जेवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा तो रिवाज. ओळख नाही, पाळख नाही, कोण तुम्ही, कुठले, काही नाही. आधी कोपीपाशी चला.

पहिल्या शेतात मी पोटभर जेवले, हा माझा गाढवपणा. दुसऱ्या शेतात कळलं की इथेही जेवायचंय. शेतं दहा तपासायची होती.

तिसरं शेत काशीबाईंचं. पन्नाशीच्या, उंच, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज असा की पलीकडच्या शिवारातला माणूस वळून बघावा. त्यांचे यजमान बसवणाप्पा, त्यांच्या वाट्याचं बोलणंही बाईच बोलून टाकत असाव्यात. पळसाच्या पानावर उंडे वाढले, भज्जी वाढली, वाटीत आंबील ओतली. उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे. भज्जी म्हणजे आमची भजी नव्हेत. बेसनाच्या पिठात शेतातलं जे जे हिरवं आहे ते घालून शिजवायचं: तुरीचे दाणे, वाल, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात. आंबील ताकातली, ज्वारीच्या पिठाची, लसूण घातलेली. मी दोन ठिकाणी जेवलेली असूनही बोटं चाटली.

काशीबाईंना मात्र समाधान नव्हतं. "औंदाच्या भज्जीला चव न्हाई माय. तूर जळाली, वाल जळाले. वटाना चाकूरच्या बाजारातून आनला. येळवशीला इकतची भाजी, असं कवा झालं न्हवतं."

दुसऱ्या शेतातही वाटाणे विकतचेच होते, हे मला तेव्हा आठवलं. तरी मी म्हटलं, "पण ज्वारी किती छान आलीय काकू! इतकं हिरवं मी नांदेडपासून कुठे पाहिलं नाही."

त्या हसल्या. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

"तुमच्यावानीच म्हनलं की कुनीतरी. वरून इमानातून का कशातून फोटू काढलाय म्हनं. त्येच्यात आमी हिरवे दिसतोय. ग्रामसेवक सांगून गेला, तुमच्या बाजूच्या गावायचं नाव धान्याच्या यादीत न्हाई, चाऱ्याच्या यादीत न्हाई. तुमचं साधारण हाय म्हने."

'साधारण' हा माझा शब्द होता. माझ्या हाताने, माझ्या पेनाने, चहाच्या आधी लिहिलेला. तो कचेरीतून मुंबईला गेला, मुंबईहून कुठे कुठे फिरला आणि या कोपीपाशी माझ्या आधी येऊन बसला होता.

गप्प राहता आलं असतं. गफूरभाई माझ्याकडे पाहत होते आणि त्यांचा डोळा मिटलेला नव्हता. मी वाटी खाली ठेवली.

"काकू, ते मी लिहिलंय."

बसवणाप्पांचा हात पानावर थांबला. काशीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी? एवढुशा तुमी?"

"हो. फोटो उपग्रह काढतो, पण साधारण हा शब्द माझा."

मला वाटलं, आता मला बांधावरून हाकलतील. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. काशीबाईंनी माझ्या पानावर आणखी एक उंडा ठेवला आणि म्हणाल्या, "आदी जेवा. मंग दावते."

जेवण होताच माझं मनगट धरून त्यांनी मला ज्वारीत ओढलं. आत ताटं माझ्या डोक्याला लागत होती. पायाखाली काळी जमीन, आणि ती जमीन फाटलेली. बांधावरून हे दिसत नव्हतं, वरून तर दिसायचा प्रश्नच नव्हता. वरती पानांचं छप्पर आणि खाली तळहाताएवढ्या रुंद भेगा, ताटांच्या मुळांमधून वाट काढत गेलेल्या. आमच्या कोकणातली तांबडी माती अशी फाटत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा असली भेग पाहिली.

"घाला हात," काशीबाई म्हणाल्या.

मी घातला. कोपर आत गेलं. दंड आत गेला. खांदा जमिनीला टेकला तरी तळ लागेना आणि ओल तर बोटाला कुठेच लागेना. हात बाहेर काढताना घड्याळाचा जुना पट्टा तुटला आणि घड्याळ खाली गेलं. आम्ही सगळे कान देऊन राहिलो. टक् असा आवाज बराच खालून आला.

"चांगल्या साली येळवशीला चार बोटं भेग असती," काशीबाई सांगत होत्या. "औंदा हस्ताचं एक पानी आमच्याच पट्ट्यावर पडलं, बाकी कुठं न्हाई. तेवढ्यावर ज्वारी पेरली, ती तरारून वर आली. आता पोटरीत हाय. पंधरा दिसांत कनीस भाईर पडंल. पन दाना भराया खालून पानी लागतंय, ते कुठंय? जमीन फाटली की मुळी तुटती. धाट हिरवंच ऱ्हाईल सक्रांतीपस्तोर. कनसात भुस्कट."

उपग्रह चुकला नव्हता. पानं हिरवी होती, त्याने हिरवी सांगितली. त्या हिरव्यावरून दाण्याचा निष्कर्ष काढणारी शहाणी मी. मला रडूही आलं आणि दुसरीकडे अंगात वारं शिरल्यासारखंही झालं, कारण हे कळायला अजून उशीर झाला नव्हता. कणीस बाहेर पडायच्या आधी आम्हाला कळलं होतं! कोठारातून धान्य इथे आणायला हातात महिनाभर होता. फक्त आज रात्रीच्या आत साहेबांना पटवायचं होतं, आणि साहेबांना भावना पटत नसत, आकडे पटत.

भेगा मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. मापाची टेप हैदराबादेत टेबलावर राहिली होती. तेव्हा गफूरभाईंनी ज्वारीचं एक वाळकं धाट उचललं, भेगेत सरळ सोडलं, तळाला टेकल्यावर जमिनीच्या रेषेला चिमटीत धरून वर काढलं आणि तिथे जीपच्या वायरीला लावायची लाल चिकटपट्टी गुंडाळली.

"हे घ्या. शेत नंबर तीन."

माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं सुंदर उपकरण मी पाहिलं नव्हतं. पहिली दोन शेतंही परत जाऊन मोजली.

दुपारभर तेच चाललं. जेवायचं, भेग मोजायची, धाटावर पट्टी लावायची, पुढे जायचं. बातमी शिवारभर आमच्या आधी पोचत होती. सहाव्या शेतापासून तर चढाओढ लागली. "आमच्याकडं या बाई, आमची लई खोल हाय!" असं दोन बांधांवरून दोघे ओरडत होते. एका बहाद्दराने पहारीने भेग आणखी खोल करून ठेवली होती. कडेची माती ताजी दिसत होती. काशीबाई आमच्यासोबतच निघाल्या होत्या, त्यांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

"काय करायलास रे? बाईनं खोटं लिवलं तर आपलं खरं कोन मानंल?"

तो ओशाळला आणि त्याने आम्हाला दुसरी, न उकरलेली भेग दाखवली. ओढ्याकाठच्या एका शेतात भेग जेमतेम वीतभर होती आणि ज्वारी खरंच बरी होती. मी तीही तशीच मोजली. त्या शेताचा मालक खट्टू झाला. त्याच्या पानावर मी सगळ्यात जास्त जेवले.

दहाव्या कोपीपाशी मला बसवेना आणि उठवेना. पोटाचा नगारा झाला होता. माझ्या मांडीवर दहा धाटं होती, प्रत्येकावर लाल पट्टी. निघताना मी काशीबाईंना माझा पत्ता कागदावर लिहून दिला आणि सांगितलं, जे होईल ते कळवा. त्यांनी तो कागद खणात गुंडाळला आणि माझ्या हातात भज्जीचा डबा दिला.

लातूर

दिवे लागायच्या सुमारास लातुरात शिरलो. एवढं मोठं बाजाराचं गाव, पण भुसार लाइनीत एक फळी उघडी नाही. ट्रंक कॉल लावायचा तर टेलिफोन कचेरी गाठायची. तिथे एकच माणूस, मफलर गुंडाळून बसलेला, शेतावर जायला न मिळाल्यामुळे जगावर रुसलेला.

"लाइन न्हाई," त्याने मान वर न करता सांगितलं.

मी डबा उघडून खिडकीतून आत सरकवला. त्याने वास घेतला. "कुठली भज्जी?"

"चाकूरच्या अलीकडची."

"माझी बहीण दिली हाय तिकडं," असं म्हणत त्याने कानाला यंत्र लावलं. तो माझा कॉल मागत होता तोवर त्याच्याच टेबलावरच्या पट्टीने मी दहा धाटं मोजून घेतली.

लाइन लागली. साहेब घरीच होते. मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे नुसती खरखर.

"पानं हिरवी आहेत ना? मग यंत्र बरोबर आहे."

"यंत्र बरोबर आहे, सर. शेरा चूक आहे. दाणा भरणार नाही."

"हे कोणी सांगितलं?"

"भेगांनी. दहापैकी नऊ शेतांत दोन फुटांच्या वर. खाली ओल नाही."

"कशाने मोजलंत?"

"ज्वारीच्या धाटांनी. धाटं माझ्याजवळ आहेत, मोजून घ्या हवं तर."

"तुम्ही त्या लोकांकडे जेवलात?"

"दहा ठिकाणी, सर."

"मग तुमचं मत त्यांच्या बाजूला झुकणारच."

"मी जेवले, सर. धाटं जेवली नाहीत."

मध्येच टेलिफोनवाल्याचा आवाज आला, तोंडात घास असलेला. "तीन मिनिटं झाली, बाई. बोला, बोला, मी काय ऐकत न्हाई. बंद करत न्हाई मी."

साहेबांनी अडचणी सांगितल्या. पत्रकाचं स्टेन्सिल कापून झालं होतं. पुन्हा कापायचं म्हणजे कोणाला तरी रात्री बोलवायला हवं होतं. शिवाय मागच्या पत्रकात आपणच साधारण म्हटलं होतं, आता टंचाई म्हटलं तर वरचे विचारणार, चूक कोणाची.

"माझी," मी म्हटलं. "माझं नाव लिहा. मी बसल्या जागी हिरवं पाहिलं आणि खाली काय आहे ते विचारलं नाही. माझं चुकलं, सर. पण त्या गावांचं नाव यादीत यायला पाहिजे."

पलीकडे कागद फडफडल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "सांगा शब्द. मी लिहून घेतो."

मी सांगितले: पीक हिरवे दिसत असले तरी जमिनीत ओल नाही, दाणा भरण्याची आशा कमी, धान्य आणि चारा यांची टंचाई संक्रांतीनंतर जाणवेल, व्यवस्था आत्ताच करावी. साहेबांनी ते परत वाचून दाखवलं. मी फोन ठेवला. टेलिफोनवाल्याने डबा धुऊन परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हा कचेरी उघडल्याबरोबर मी तिथल्या कारकुनाकडे गेले. तोच मजकूर मी हाताने लिहून आणला होता, सोबत आमचा नकाशा. लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. कचेरीत नव्या कपाटांच्या रंगाचा वास येत होता आणि माणसांना आपल्या जिल्ह्याचा अभिमान मावत नव्हता. कारकुनाने नकाशा उलटा केला, सुलटा केला.

"यात लातूर कुठाय?"

मी बोट ठेवलं.

"हे तर उस्मानाबाद लिवलंय! अहो बाई, आमचा जिल्हा वेगळा झाला, गुलाल उधळला, मिरवणुका काढल्या, आन् तुम्हाला वर कळलंच न्हाई?"

आमच्या कचेरीत जुन्या हद्दीचा कागद अजून वापरात होता. म्हणजे आजवर या भागाची सगळी पत्रकं उस्मानाबादला जात होती आणि तिथून मनात येईल तेव्हा इकडे. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मी तिथेच पेन काढून नकाशावर लातूरची हद्द आखली. कारकून शेजारी उभा राहून सांगत होता, "अजून थोडं अलीकडं. उदगीर आमचं. निलंगा आमचं. सोडू नका काही." मग त्याने माझ्या कागदावर आवक शिक्का मारला आणि तो स्वतः उठून आत आपल्या साहेबांकडे घेऊन गेला.

औसा

उरलेल्या दिवसात औशाला जाऊन आले. तिथला किल्ला जमिनीत बुडाल्यासारखा, लांबून दिसतच नाही आणि जवळ गेल्यावर एकदम समोर खंदक. बाजारात ज्वारीच्या पोत्यांपेक्षा रिकाम्या पोत्यांची थप्पी मोठी होती. एका बाईकडून मी तिळाची चटणी घेतली, आमच्या सुक्या खोबऱ्याच्या चटणीची बहीण, पण जास्त फटकळ. गफूरभाईंनी बेगमसाठी बांगड्या घेतल्या आणि रंग बरोबर आहे का ते मला चार वेळा विचारलं.

हैदराबादला पोचल्यावर पहिल्यांदा पत्रक पाहिलं. माझे शब्द होते, एकही बदललेला नव्हता. पुढची दोन चित्रं आली तेव्हा डाग हिरवाच होता आणि कचेरीत माझी थट्टा चालली होती. धाटवाल्या बाई, असं नाव पडलं. मलाही आतून वाटत होतं, देवा, मीच खोटी ठरू दे, कणसं भरू देत. संक्रांतीनंतरच्या चित्रात मात्र तो डाग गेला. आजूबाजूला होतं तसंच तपकिरी. थट्टा थांबली, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. धान्य पोचलं की नाही, हे उपग्रहाला दिसत नाही.

शिमग्याच्या आसपास पोस्टकार्ड आलं. गावातल्या मास्तरांनी अक्षर काढलं होतं, शब्द काशीबाईंचे होते.

"बाईस काशीबाईचा नमस्कार. कनसात काही निघालं न्हाई. सक्रांतीच्या आधीच ज्वारीचा ट्रक आला, आमच्या समद्या गावायला वाटली. चाऱ्याचा डेपो चाकुरात हाय, बैल इकले न्हाईत. पन बाई, ही ज्वारी लई जुनी हाय. भाकर थापताना तुटती, पोराटोरायला ग्वाड लागत न्हाई. दोन टाइम खायला मिळतंय, मंग तक्रार कशाला करावी, असं मालक म्हनले. मी म्हनलं, करावी. तवा फुडल्या टायमाला लिवताना नुसतं धान्य पाठवा असं लिवू नका. चांगलं पाठवा, असं लिवा."